बिबट्या बरा की बाप्या?

या वर्षी आठ मार्चला आमच्या तालुक्याच्या गावी, दापोलीत, महिला दिनाचा परिसंवाद झाला. असे कार्यक्रम कसे होतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. दीपप्रज्वलन, शाल-नारळ, दोन लांबलेली भाषणं, मग चहा आणि बटाटेवडा. यंदा मात्र चहाच्या आधीच ठिणगी पडली. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी बोलायला उठली. जंगलात एकटी असताना समोर अस्वल आलेलं बरं की अनोळखी पुरुष, असा एक प्रश्न २०२४ साली जगभरच्या बायकांमध्ये फिरत होता. तिनं त्यातलं अस्वल काढून टाकलं आणि आपल्याकडचं जनावर घातलं. म्हणाली, "आमच्या घाटीत रात्री बिबट्या भेटला तरी चालेल, बाप्या नको. बिबट्याचं पोट भरलेलं असलं तर तो कुणाच्या वाटेला जात नाही. पुरुषांची जातच जनावराची. सगळेच तसे. मी एकालाही वगळत नाही."

मागच्या रांगेतल्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतले एक निवृत्त गुरुजी थरथरत उभे राहिले. "माझ्या घरात सुनांना मी देवीसारखं वागवतो. मी जनावर?" कुणीतरी 'जहाल स्त्रीवाद' हे शब्द उच्चारले आणि त्या दिवसापासून ते शब्द गावात फिरताहेत. कोर्टातल्या बाररूममध्ये, एसटी स्टँडवर, माझ्या शेजारच्या ओटीवर. एका बाजूचं म्हणणं, हा निव्वळ पुरुषद्वेष आहे, मुलीनं माफी मागावी. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, ज्यांनी सोसलंय त्यांच्या रागाला तुम्ही व्याकरण शिकवू नका. मी इथल्या कोर्टात सव्वीस वर्षं वकिली करते, त्यामुळे दोन्हीकडून मला ओढायला माणसं येतात. दोन्हीकडचा वाद मला फसलेला वाटतो. मुलीचं वाक्य चुकलं, हे मला मान्य आहे. पण ते पुरुषांवर फार कडक होतं म्हणून चुकलं नाही. ते फार नरम होतं.

कसं ते सांगते. आमच्याकडे बिबट्या विहिरीत पडला की वनखात्याची माणसं पिंजरा घेऊन येतात. अर्धा गाव कठड्याभोवती गोळा होतो, पोरं फोटो काढतात, वाघरू वर येतं आणि मग त्याला नेऊन जंगलात सोडतात. पंचनामा होतो, पण तो मेलेल्या शेळीचा. शेळीची भरपाई सरकार देतं. बिबट्याचं नाव आरोपीच्या रकान्यात कुणी लिहीत नाही, उलट १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्यालाच संरक्षण आहे. आणि ते योग्यही आहे, कारण जनावराला दुसरं काही करता आलं असतं असं कुणी म्हणत नाही. दोष तिथेच देता येतो जिथे माणसाला वेगळं वागता आलं असतं. पुरुषाला जनावर म्हटलं की आपण त्याला शिवी दिली असं आपल्याला वाटतं. खरं तर आपण त्याला माफी दिलेली असते. 'काय करणार, पुरुषाची जात' हे वाक्य सून मार खाऊन आली की सासू म्हणते. मुलीचं वाक्य आणि त्या सासूचं वाक्य शेजारी ठेवून पाहा. चाल वेगळी आहे, पण शब्द तेच आहेत.

आता मुलीच्या बाजूचं सगळ्यात भक्कम म्हणणं. ती सांख्यिकी मांडत नव्हती, भीती सांगत होती. संध्याकाळची शेवटची एसटी उतरल्यावर फाट्यापासून वाडीपर्यंत दोन-अडीच किलोमीटर काजू-आंब्यांच्या बागांमधून एकटीनं चालताना मागून मोटरसायकलचा दिवा अंगावर आला की तो दिवा भल्या माणसाचा आहे की नाही हे कळायची सोय नसते. दहा साप बिनविषारी असले तरी अंधारात पाय टाकताना माणूस अकराव्याचाच विचार करतो. याला द्वेष म्हणणं हा अडाणीपणा आहे. 'सगळेच पुरुष तसे नसतात' हे उत्तर त्या रस्त्यावर तिच्या काही कामाचं नाही, आणि ते देणाऱ्या किती जणांनी त्या फाट्यावर दिवा लावून घेण्यासाठी ग्रामपंचायतीत अर्ज केलाय? गुरुजींनी तरी? भीतीच्या भाषेला मी हात लावणार नाही. माझा आक्षेप पुढच्या वाक्याला आहे, जिथे भीतीचा सिद्धान्त झाला: जातच तशी.

'जहाल' या शब्दाचीही एकदा झाडाझडती घेतली पाहिजे. आपल्या जिल्ह्यानं या शब्दाला कधीपासून भ्यायचं ठरवलं? जहालांचे पुढारी टिळक १८५६ साली रत्नागिरीत जन्मले, मवाळांचे गोखले दहा वर्षांनी गुहागर तालुक्यातल्या कोतळुकात. आपण पुतळे आणि मिरवणुका जहालांच्या काढतो. पण तेच जहाल टिळक १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा मुलीचं शरीरसंबंधाला संमती देण्याचं वय दहावरून बारा करायला निघाला तेव्हा त्याच्या विरोधात उभे राहिले. परक्या सरकारनं आमच्या घरात हात घालू नये, हा त्यांचा मुद्दा होता, आणि तो अगदीच पोकळ नव्हता. तरी हिशेब असा राहतो की सरकारशी बोलताना जहालपणा हा सद्गुण, घरातलं काही निघालं की तोच दुर्गुण. आज त्या मुलीवर तुटून पडणाऱ्यांतल्या निम्म्यांचा राग 'जहाल' या विशेषणावर नाही. तो बोलणारी कोण आणि घर कुणाचं यावर आहे.

आणि ज्या परदेशी जहाल स्त्रीवादाचा बागुलबुवा दाखवला जातो, तो तरी आपण वाचलाय का? १९६७ मध्ये व्हॅलेरी सोलानस नावाच्या बाईनं पुरुषजात नाहीशी करावी असा जाहीरनामा काढला आणि पुढच्या वर्षी अँडी वॉरहॉल या चित्रकाराला गोळ्या घातल्या, हे खरं. वादात नेहमी तीच हजर केली जाते. पण न्यूयॉर्कच्या रेडस्टॉकिंग्ज या गटाचा १९६९ चा जाहीरनामा पाहा. सगळ्या पुरुषांनी बायकांना दडपलंय, असं तो स्वच्छ म्हणतो. 'सगळ्या'. त्या शब्दाला काहीही ठिगळ न लावता. आणि तोच जाहीरनामा शेवटी सगळ्या पुरुषांना आवाहन करतो की आपले पुरुषी अधिकार सोडा आणि आमच्या बाजूला या, आमच्या माणूसपणासाठी आणि तुमच्याही. हे आवाहन बिबट्याला कुणी करेल? 'सगळ्यांनी केलं' आणि 'सगळ्यांना सोडता येतं' या दोन गोष्टी त्या बायका एका दमात म्हणत होत्या. त्यांचा जहालपणा तिथे आहे. आमच्या मुलीनं पहिला अर्धा उचलला आणि दुसरा टाकून दिला. हे तिनं एकटीनं केलेलं नाही, हल्ली तो अर्धाच सगळीकडे फिरतो.

आपल्या भाषेत हे काम त्याच्याही आधी झालंय. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी झाली. वर्तमानपत्रांनी त्या निमित्तानं बायकांच्या चारित्र्याची लक्तरं काढली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये त्याला उत्तर दिलं, 'स्त्रीपुरुष तुलना'. त्यातली भाषा आजच्या कुठल्याही मुलीला लाजवेल इतकी तिखट आहे. पण नाव नीट पाहा. तुलना. बायकांवर जे जे दुर्गुण लादले जातात ते एकेक उचलून ताराबाई विचारतात की हा तुमच्यात नाही का, तुमच्यात तो जास्त नाही का? तुलना करायची तर दोन्ही पारड्यांत माणसंच लागतात. त्यांनी पुरुषाला जनावराच्या गोठ्यात बांधलं असतं तर विधवेला फसवून नामानिराळा राहणाऱ्याला त्या जाब कसा विचारणार होत्या? त्या काळातही त्यांच्या भाषेवरच जास्त बोललं गेलं. सत्यशोधक मंडळींतल्याही काहींनी नाकं मुरडली, तेव्हा जोतिराव फुले 'सत्सार'मधून त्यांच्या बाजूनं उभे राहिले. ताराबाईंनी पुन्हा काही छापलं नाही. ते पुस्तक स. गं. मालशे यांनी उजेडात आणायला १९७५ साल उजाडलं. ज्यांना बायकांची भाषा 'जरा सौम्य' हवी असते त्यांनी या त्र्याण्णव वर्षांचा विचार करावा.

मला याहून मोठा दाखला महाडचा वाटतो, आणि महाड काही आपल्याला लांब नाही. १९२७ च्या मार्चमध्ये चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, डिसेंबरात मनुस्मृती जाळली गेली. याहून जहाल कृती या किनाऱ्यानं क्वचितच पाहिली असेल. मधल्या काळात ब्राह्मणेतर पक्षाच्या जेधे-जवळकरांनी अट घातली होती की सत्याग्रहात ब्राह्मण नकोत, मग आमचा पाठिंबा. बाबासाहेबांनी ती धुडकावली. आमचं भांडण ब्राह्मणांशी नाही, ब्राह्मण्याशी आहे, ही त्यांची भूमिका होती. आणि डिसेंबरात मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडला तो गंगाधर निळकंठ सहस्रबुद्धे यांनी, जे जन्मानं ब्राह्मण होते. यातून कुणी 'बघा, बाबासाहेब किती मवाळ' असा अर्थ काढणार असेल तर त्यानं ती आग पुन्हा डोळ्यांपुढे आणावी. जन्मावरून माणसाची किंमत ठरवणाऱ्या ग्रंथाला आग लावणारा माणूस स्वतःच्या दारात जन्माची चौकी कशी बसवेल? बाईला 'तुझी जातच अशी' हे हजारो वर्षं ऐकवलं गेलं. त्या वाक्याचं फक्त लिंग बदलून ते परत करणं याला उत्तर म्हणत नाहीत. ती उसनवारी झाली.

यावर एक प्रामाणिक प्रश्न मला एका तरुण वकील मुलीनं विचारला. "ताई, पुरुष बायकांचा द्वेष करतात तेव्हा बायका मरतात. बाई पुरुषांचा द्वेष करते तेव्हा फार तर एखाद्या गुरुजींचं बीपी वाढतं. दोन्ही एका तराजूत कशाला?" एका तराजूत नाहीतच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या विवाहित, किंवा कधीतरी विवाहित असलेल्या, बायकांपैकी सुमारे २९ टक्के बायकांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. याच्या समोर ठेवायला पुरुषांकडे तसला आकडा नाही. 'सगळे पुरुष' या शब्दांनी पुरुषांचं फारसं बिघडत नाही, हे मी मान्य करते. बिघडतं ते बाईचंच. बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत वर्षानुवर्षं दर शंभरातले पंचाण्णवच्या आसपास आरोपी ओळखीचे असतात. शेजारी, नातलग, मालक, लग्नाचं वचन दिलेला. बिबट्या घाटीत असतो, हा माणूस ओटीवर असतो. आपण सगळी भीती अंधाऱ्या वळणावर नेऊन ठेवली की ओटीवरचा माणूस पान लावत निवांत बसतो. 'पुरुषजात' या शब्दाला पत्ता नाही, आणि ज्याला पत्ता नाही त्याला समन्स बजावता येत नाही.

हे मी अलंकारानं बोलत नाही, रोज पाहते. कलम ४९८-अ, नवऱ्यानं आणि सासरच्यांनी केलेल्या छळाचं. १९८३ मध्ये ते आलं, हुंडाबळींविरुद्ध बायका रस्त्यावर उतरल्या म्हणून आलं, आणि जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेत ८५ क्रमांकानं नांदतंय. त्याचा गैरवापर होतो, असं पुरुषांच्या बाजूचे लोक म्हणतात. होतो. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना बजावलं की या कलमाखाली सरधोपट अटक करू नका, आणि २०२२ मध्ये बिहारच्या एका प्रकरणात सासरच्या नातलगांवरचे मोघम आरोप रद्दच केले. पण हा गैरवापर स्त्रीवादानं शिकवला, असं म्हणणाऱ्यानं एक दिवस माझ्या ऑफिसात येऊन बसावं. तक्रार द्यायला मुलगी एकटी येत नाही. बाप येतो, भाऊ येतो, मामा येतो. मामा सगळ्यात जास्त बोलतो. "नणंदेचं नाव घाला. चुलतसासऱ्याचं पण घाला, त्याची डोंबिवलीला खोली आहे." मुलगी टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर बघत असते. बारा नावं होतात, त्यातली अकरा तिनं सांगितलेली नसतात. या मामानं स्त्रीवाद हा शब्द पेपरातसुद्धा वाचलेला नसतो. आणि पुढे काय होतं? अकरा जण सुटतात, आणि बारावा, ज्यानं खरोखर तिचा हात चुलीवर धरला होता, तो त्यांच्याच गर्दीतून बाहेर पडतो. 'सगळेच' हा शब्द भाषणात असो की फिर्यादीत, तो खऱ्या आरोपीचा सगळ्यात स्वस्त वकील असतो.

पुरुषांचं दुःख हाही या वादातला एक मुद्दा आहे आणि तो थट्टेवारी नेऊ नये. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली, त्यातले सुमारे ७२ टक्के पुरुष होते. हा आकडा बायकांच्या तोंडावर फेकला जातो, जणू भाषणं ऐकून ते पुरुष मेले. कोकणात वाढलेल्या माणसानं तरी असं बोलू नये. आपला सगळा प्रदेश मनीऑर्डरवर चालला. २०११ च्या जनगणनेतही रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या, कारण बाप्ये मुंबईला. माझे मोठे काका लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि पुढच्या वर्षीच्या गणपतीला काका आले ते परत गेलेच नाहीत. अठरा वर्षं काकीनं एकटीनं शेत केलं होतं, म्हातारी-म्हातारा काढले होते, भावकीशी बांधावरून भांडली होती. आता घरात हा माणूस दिवसभर पडवीत बसून, पाहुण्यासारखा. विडीला पैसे मागायची त्यांना लाज वाटायची. काकी रोज सकाळी कोनाड्यातल्या दिव्यामागे काही नाणी ठेवायची आणि गोठ्यात जाताना मोठ्यानं म्हणायची, "ह्या बाप्यांच्या जातीला काळीजच नाय दिलंन देवानं!" नाणी दुपारपर्यंत नाहीशी व्हायची. या विषयावर त्या दोघांत एकदाही बोलणं झालं नाही.

काकीचं वाक्य आणि परिसंवादातल्या मुलीचं वाक्य जवळजवळ एकच आहे, आणि तरी मला काकीचं खटकत नाही. ते ज्याला ऐकू जायला हवं त्याच्या कानावर पडत होतं, आणि ते बोलणारी त्याच्याकडून अजून काहीतरी अपेक्षा करत होती. (यावरून 'जुन्या बायका कशा सोसून नांदायच्या' असं कुणाला सुचत असेल तर त्यांना सांगते, काकांनी दोनदा हात उगारला होता आणि दुसऱ्या वेळी काकीनं त्यांच्यावर कोयती रोखली होती.) काकांना कुणी मारलं असेल तर ते त्या समजुतीनं, की कमावत नाही तो बाप्या नाही, आणि बाप्या रडत नाही. ही समजूत स्त्रीवाद्यांनी पसरवली नाही. ती मोडायचं काम मात्र त्यांनीच पहिल्यांदा अंगावर घेतलं. १९९१ मध्ये मुंबईत एका पत्रकारानं, बायको मारण्यासाठी नसते असं मानणारे पुरुष हवेत, अशी जाहिरात दिली तर दोनशेवर पुरुषांनी उत्तरं पाठवली आणि त्यातून दोन वर्षांनी 'मावा' ही पुरुषांची संघटना उभी राहिली. दोनशे ही संख्या मुंबईच्या मानानं किरकोळ आहे. पण बिबट्यांकडून एकही पत्र आलं नसतं.

राहता राहिलं ते 'पुरुषांनीच बायकांना वर आणलं' हे पालुपद. या तालुक्यात ते मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांचं नाव घेऊन म्हटलं जातं. १८९३ मध्ये कर्व्यांनी विधवेशी लग्न केलं हे थोरच. पण त्या गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी होत्या. म्हणजे कर्वे भेटण्याआधी एका बाईनं त्यांच्यासाठी दार उघडलेलं होतं. आणि ज्यांनी मुरुडात कर्व्यांवर बहिष्कार टाकला तेही पुरुषच होते ना? कर्व्यांचं पुण्य त्यांच्या खात्यावर कसं जमा करता येईल? जसा एकाचा गुन्हा सगळ्यांना लावू नये, तसा एकाचा पराक्रमही सगळ्यांनी वाटून घेऊ नये.

गुरुजींना मी नंतर भेटले. ते अजून दुखावलेले होते. मी त्यांना एवढंच विचारलं की सुनांना देवीसारखं वागवता म्हणजे काय करता? बँकेतलं खातं कुणाच्या नावावर आहे? धाकटी सून नोकरी करायची म्हणत होती, तिचं काय झालं? गुरुजी म्हणाले, "तो वेगळा विषय आहे." त्यांचं देवी आणि मुलीचं जनावर या दोन शब्दांत मला फार अंतर दिसत नाही. देवीला पगार लागत नाही आणि जनावराला शिक्षा होत नाही. दोघांनाही माणसांच्या व्यवहारातून उठवून बाहेर ठेवलेलं असतं.

त्याच आठवड्यात सकाळच्या पहिल्या गाडीनं किनाऱ्यावरच्या एका गावातून एक बाई आली. कुठल्या ते सांगत नाही. एकटीच होती, मामा नव्हता, म्हणून मला आधीच बरं वाटलं. बराच वेळ ती नुसती पिशवीचे बंद गुंडाळत बसली. काय झालं विचारलं तर म्हणाली, "काय सांगू वकीलबाई, सगळेच तसले."

"सगळ्यांवर नोटीस निघत नाही, बाय. नाव सांग."

तिनं पाणी मागितलं. अर्धा ग्लास प्यायली. मग नाव सांगितलं. नवऱ्याचं नव्हतं, दिराचं होतं. मी कोरा कागद ओढला आणि आम्ही वार, वेळ, तेव्हा घरात कोण कोण होतं हे लिहायला घेतलं.